मिळकत, मुतवल्ली आणि पाणीमहाल

धाराशिव जिल्ह्यात ‘जुनी मिळकत’ असे कोणी म्हटले की आमच्या मनात दोनच चित्रे उभी राहतात. एक कोर्टाच्या तारखेचे आणि दुसरे पडक्या भिंतीचे. मशिदीमागची जमीन, दर्ग्याचे शेत, कब्रस्तानालगतची पडीक जागा, बाजारपेठेतले आठ-दहा गाळे, यांच्याविषयी बोलायचे तर आम्ही वादाच्या भाषेतच बोलतो. कोणी बळकावली, कोणी विकली, कोणाच्या सातबाऱ्यावर कोणाचे नाव चढले, एवढाच आमचा इतिहास. पण ही मिळकत मुळात कोणी, कशासाठी आणि कोणत्या व्यवस्थेने बांधून ठेवली होती, हा प्रश्न आम्ही क्वचितच विचारतो. तो विचारावा, एवढ्यासाठी हा लेख.

निमित्त नळदुर्गचे आहे. राज्य शासनाने २००७ मध्ये ‘महाराष्ट्र वैभव राज्य संरक्षित स्मारक संगोपन योजना’ आणली. स्मारकाची मालकी शासनाची, पण त्याची निगा राखण्याचे काम ठराविक मुदतीसाठी एखाद्या संस्थेने किंवा कंपनीने स्वखर्चाने अंगावर घ्यायचे, अशी ही योजना. तिच्याखाली सोलापूरच्या युनिटी मल्टिकॉन्स या बांधकाम व्यवसायातील कंपनीने २०१४ मध्ये नळदुर्गचा किल्ला दहा वर्षांच्या मुदतीने संगोपनासाठी घेतला. झाडाझुडपांत हरवलेल्या किल्ल्यात साफसफाई झाली, बागा झाल्या, पाण्यात नावा फिरू लागल्या, पर्यटकांची रीघ लागली. जागा-इमारतींच्या धंद्यातला पैसा शेजारच्या जिल्ह्यातल्या आदिलशाही किल्ल्यात गुंतवला जातो, याचे अनेकांना नवल वाटले. आम्हालाही समाधान वाटले, पण नवल वाटले नाही. कारण या मुलखात हीच रीत शेकडो वर्षे होती. मिळकतीच्या उत्पन्नाला समाजाच्या एखाद्या कामाशी बांधून टाकायचे आणि त्या कामाची जबाबदारी एका घराण्यावर सोपवायची, ही ती रीत. ती आम्ही विसरलो, एवढेच.

पाण्याला बांधणारे

आधी नळदुर्गच पाहू. बोरी नदीच्या वळणावर उभा असलेला हा किल्ला बहमनी काळानंतर विजापूरच्या आदिलशाहीकडे आला. सोलापूरहून हैदराबादकडे जाणाऱ्या वाटेवरचा हा पहारेकरीच. तटाला एकशे चौदा बुरूज असल्याचे सांगतात. सर्वांत उंच तो उपळी बुरूज. त्यावरच्या हत्ती तोफ आणि मगर तोफ आजही पाहणाऱ्याला थांबवतात. परंतु किल्ल्याचा खरा जीव तोफांत नाही, पाण्यात आहे.

बोरी नदीवर बंधारा घालून नळदुर्ग आणि पलीकडचा रणमंडळ हे दोन भाग जोडले गेले. या बंधाऱ्याच्या पोटातच पाणीमहाल आहे. दुसरा इब्राहिम आदिलशाह याच्या कारकिर्दीत, १६१३ च्या सुमारास, मीर मुहम्मद इमादीन याने तो बांधला, असे तिथल्या फारसी शिलालेखावरून कळते. बंधाऱ्याच्या भिंतीतून जिना खाली उतरतो आणि आपण नक्षीदार दालनात येतो. नदीला पूर आला की बंधाऱ्यावरून पाण्याचे दोन लोट खाली कोसळतात. लोकांनी त्यांना नर आणि मादी अशी नावे दिली आहेत. समोर पाणी गर्जत असते, आणि दालनात बसलेला माणूस कोरडा राहतो.

ही करामत पाहून लोक वाहवा करतात. आम्हाला मात्र त्यातली दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. पाणीमहाल ही चैनीची वास्तू खरी, पण ती ज्या बंधाऱ्यात बसवली आहे तो गरजेचा आहे. त्याने किल्ल्याला पाणी दिले आणि शत्रूपुढे खंदकही उभा केला. सौंदर्य उपयोगाच्या पाठीवर बसवले होते. बंधारा टिकवायचा तर गाळ काढावा लागे, चुन्याच्या दर्जा पुन्हा भराव्या लागत. ही कामे एकदा करून संपत नाहीत. कोणतीही वास्तू बांधणे हे एका पिढीचे काम, ती राखणे हे दहा पिढ्यांचे. बांधणाऱ्याचे नाव शिलालेखावर येते, राखणाऱ्यांचे येत नाही. मग हे राखणारे जगत कशावर?

जमीन नव्हे, जमिनीचे काम

याचे उत्तर आमच्या जुन्या इनामांत आहे. मराठवाड्यातल्या तहसील कचेऱ्यांत आजही दोन शब्द कानावर येतात, मददमाश आणि खिदमतमाश. मददमाश म्हणजे एखाद्या व्यक्तीच्या किंवा घराण्याच्या निर्वाहासाठी दिलेली जमीन. खिदमतमाश म्हणजे सेवेच्या मोबदल्यात दिलेली जमीन. मशिदीत अजान आणि इमामत, दर्ग्याची दिवाबत्ती, कब्रस्तानाची राखण, आशूरखान्याची देखभाल, यांपैकी जे काम नेमून दिले असेल ते करायचे आणि त्या जमिनीचे पीक खायचे. काम थांबले की पिकावरचा हक्कही थांबतो. या जमिनीचा खरा मालक ते कामच होते. घराणे त्या कामाचे नोकर होते.

निजामाच्या राज्यात या इनामांची चौकशी होऊन जो लेखी निर्णय दिला जाई त्याला ‘मुंतखब’ म्हणत. कोणत्या गावी किती जमीन, कोणाच्या नावे, कोणत्या सेवेसाठी, हे त्यात नोंदलेले असे. आमच्यातल्या अनेक घरांत हा कागद ट्रंकेच्या तळाशी आहे. उर्दू-फारसीची मोडणी वाचता येत नाही म्हणून तो आज्याची आठवण म्हणून जपला जातो. खरे तर तो आठवणीचा कागद नसून जबाबदारीचा आहे.

ही व्यवस्था केवळ मुसलमानांपुरती होती असेही कोणी समजू नये. याच जिल्ह्यातल्या तुळजापूरच्या भवानी मंदिराचा कारभार, पुजाऱ्यांचे हक्क आणि त्यांची कर्तव्ये ठरवणारा ‘देऊळ-ए-कवायत’ हा नियमांचा ग्रंथ १९०९ मध्ये निजामाच्या अमलातच तयार झाला. नावात देऊळ मराठी आणि कवायत फारसी. आमच्या जिल्ह्याचा स्वभाव या एका नावात पुरता उतरला आहे. हैदराबाद राज्यातले धार्मिक बाबींचे खाते मशिदी आणि मंदिरे दोन्हींच्या देणग्यांचा हिशेब पाहत असे. दर्ग्याचा मुजावर आणि देवळाचा पुजारी, दोघेही एकाच तत्त्वावर उभे होते. मिळकत देवाची, उत्पन्नातला वाटा सेवा करणाऱ्याचा, आणि सेवेत खंड पडला तर जाब विचारणारा कोणीतरी वर बसलेला.

राजवटीवर आम्ही फुले उधळत नाही. निजामाच्या राज्यात रयतेचे हाल होते, जहागिरदारांचा जाच होता, हे इतिहासाने नोंदवलेले आहे. पण वाईट राजवटीतली एखादी व्यवस्था शहाणपणाची असू शकते. तिच्यातले शहाणपण घ्यावे आणि राजवटीला इतिहासात राहू द्यावे.

घरच्या मिळकतीचे वक्फ

इनाम राजाकडून येई. वक्फ घरातून निघे. आपल्या स्वतःच्या कमाईची किंवा वडिलोपार्जित मिळकत कायमची अडकवून ठेवायची, ती विकायची नाही, गहाण टाकायची नाही, वारसांत वाटायची नाही, आणि तिचे उत्पन्न मात्र चांगल्या कामाला द्यायचे, ही वक्फची कल्पना. हजरत उमर यांना खैबर येथे जमीन मिळाली तेव्हा पैगंबरांनी त्यांना हाच सल्ला दिल्याचे हदीसमध्ये आले आहे. हजरत अबू तल्हा यांनी आपली सर्वांत आवडती बाग दान करायचे ठरवले, तेव्हा ती नातेवाइकांत द्यावी असे पैगंबरांनी सुचवले, हाही प्रसंग प्रसिद्ध आहे. घरच्या माणसांची तरतूद हेही पुण्याचेच काम आहे, हा विचार तिथून आला. त्यातूनच ‘वक्फ-अलल-औलाद’ म्हणजे कुटुंबासाठीचे वक्फ ही पद्धत रूढ झाली. दुकानांचे भाडे मुलाबाळांना, आणि त्यातला नेमून दिलेला भाग मशिदीला, मदरशाला, गोरगरिबांना. वंश संपला तर सारेच समाजाला.

म्हणजे आज ज्याला कुटुंबाचा मालमत्तेचा व्यवसाय म्हणतात, त्याचाच हा जुना अवतार. फरक एवढाच की भागभांडवल कायमचे गोठवलेले आणि समाज हा कायमचा भागीदार.

या पद्धतीवर पहिला घाव इंग्रजी न्यायालयाचा बसला. १८९४ मध्ये अबुल फता विरुद्ध रसमय धर चौधरी या खटल्यात लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने निकाल दिला की, ज्या वक्फात खरा लाभ कुटुंबाचा आहे आणि धर्मादायाचा भाग नाममात्र किंवा फार दूरचा आहे, ते वक्फ ग्राह्य नाही. मुस्लिम समाजात मोठी अस्वस्थता पसरली. अल्लामा शिबली नोमानी यांनी मोहीम उघडली. बॅरिस्टर जिना यांनी १९११ मध्ये केंद्रीय विधिमंडळात विधेयक मांडले आणि १९१३ मध्ये ‘मुसलमान वक्फ व्हॅलिडेटिंग ॲक्ट’ झाला. कुटुंबासाठीचे वक्फ पुन्हा कायदेशीर ठरले. १९३० च्या कायद्याने १९१३ पूर्वीच्या वक्फांनाही हे संरक्षण मिळाले.

आमच्या भागात या गोष्टीला एक वेगळाच पदर होता. सोलापूर इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात आणि नळदुर्ग निजामाच्या राज्यात. १८५३ मध्ये निजामाने नळदुर्गचा मुलूख इंग्रजांना दिला. कर्नल मेडोज टेलर हा लेखक-अधिकारी तेव्हा नळदुर्गच्या किल्ल्यात राहून कारभार पाही. १८६० मध्ये मुलूख निजामाला परत मिळाला. १९०४ मध्ये जिल्ह्याचे ठाणे नळदुर्गहून धाराशिवला आले आणि सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या नावावरून जिल्हा उस्मानाबाद म्हणून ओळखला गेला. २०२३ मध्ये नाव पुन्हा धाराशिव झाले. सांगायचे ते असे की, एका दिवसाच्या बैलगाडीच्या प्रवासात दोन राज्ये लागत आणि दोन कायदे. ज्या कुटुंबाची मिळकत सीमेच्या दोन्ही बाजूंना असेल, त्याच्या एका दुकानाला एक न्याय आणि दुसऱ्याला दुसरा. कागद सांभाळण्याची शिस्त अशा मुलखात अधिकच लागते. ती आम्ही पुढे सोडली, आणि काही अंशी ती आमच्याकडून हिसकावली गेली.

सप्टेंबर १९४८

या इतिहासातले एक पान आम्ही आजही मोठ्याने वाचत नाही. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य सोलापूरकडून हैदराबाद संस्थानात शिरले. पहिली चकमक नळदुर्गला झाली आणि बोरी नदीवरचा पूल सैन्याने ताब्यात घेतला. पाच दिवसांत निजामाने शरणागती पत्करली. त्याआधीच्या महिन्यांत रझाकारांनी जे अत्याचार केले, ते नाकारण्याचे कारण नाही. ज्यांची घरे जळाली, ज्यांचे नातलग गेले, त्यांच्या दुःखाला आमचा सलाम आहे. पण लष्करी कारवाईच्या वेळी आणि नंतर सामान्य मुसलमानांवर जो सूड उगवला गेला, तोही तितकाच खरा आहे.

पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांची समिती केंद्र सरकारने पाठवली. या समितीच्या अहवालाने उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड हे चार जिल्हे सर्वाधिक होरपळलेले ठरवले आणि या चार जिल्ह्यांतच किमान अठरा हजार माणसे मारली गेल्याचा अंदाज दिला. हा अहवाल दशकानुदशके बंद राहिला. २०१३ मध्ये तो लोकांना पाहता येऊ लागला. त्यात लातूरचा उल्लेख आहे. लातूर त्या काळी उस्मानाबाद जिल्ह्यातच होते. स्वतंत्र जिल्हा ते १९८२ मध्ये झाले. कासिम रझवीच्या गावाची ही मोठी व्यापारपेठ, आणि तिथे कच्छी मुसलमान व्यापाऱ्यांची संपन्न घराणी होती. अहवालानुसार तिथली हत्या वीस दिवसांहून अधिक चालली, आणि सुमारे दहा हजार मुस्लिम वस्तीपैकी जेमतेम तीन हजार माणसे समितीला गावात आढळली.

आकडे वाचताना आपण माणसे मोजतो. माणसांबरोबर आणखीही काही गेले. पेढ्या गेल्या, वह्या गेल्या, भाडेकरूंची खाती गेली, मुतवल्ली गेले. ज्या घराण्याच्या पेढीतून मशिदीचा खर्च निघे ते घराणेच उठून गेल्यावर मशीद उरते, पण तिचे पोट कशावर भरायचे? ज्या घरात मुंतखब होता ते घर रिकामे झाल्यावर शेत कोणाचे, हे सांगणार कोण? मिळकत आणि माणूस यांच्यातला दुवा एका पावसाळ्यात तुटला. आज ज्याला आम्ही वक्फचा गोंधळ म्हणतो, त्याची एक मुळी इथे आहे.

त्याच अहवालात दुसरी नोंदही आहे. अनेक ठिकाणी हिंदू शेजाऱ्यांनी आपला जीव धोक्यात घालून मुसलमानांना वाचवले. विणकरांनी आपल्या पेशातल्या मुसलमान विणकरांना पाठीशी घातले. धंद्याच्या नात्याने माणूस माणसाला वाचवतो, ही गोष्ट व्यापारी समाजाने विशेष ध्यानात ठेवावी.

कायदा झाला, काळजी गेली

पुढे कायदे होत गेले. हैदराबादचा इनामे रद्द करणारा कायदा आला. त्यात धार्मिक आणि धर्मादाय संस्थांची इनामे मात्र वगळली होती. १९५४ मध्ये वक्फ कायदा आला, १९९५ मध्ये नवा आला, आणि २००२ मध्ये औरंगाबादच्या पाणचक्कीत महाराष्ट्र राज्य वक्फ मंडळ स्थापन झाले. १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सय्यद अली विरुद्ध आंध्र प्रदेश वक्फ बोर्ड या खटल्यात स्पष्ट केले की, एकदा वक्फ झालेली मिळकत कायम वक्फच राहते. २०१३ च्या दुरुस्तीने कुटुंबासाठीच्या वक्फात वंश खुंटला तर उत्पन्न शिक्षण, विकास आणि कल्याणाकडे वळावे, अशी तरतूद झाली.

पण कायद्याने मिळकत राखली जात नाही. मिळकत राखतो तो रोज सकाळी कुलूप उघडणारा माणूस. खिदमतमाश जमीन खाणाऱ्या काही घराण्यांनी खिदमत सोडली आणि माश ठेवली. मुतवल्ली म्हणजे विश्वस्त हे विसरून काहींनी स्वतःला मालक समजले. बाजारातले गाळे पन्नास वर्षांपूर्वीच्या भाड्याने दिलेले, भाडेकरूने ते दुसऱ्याला दहापट भाड्याने दिलेले, आणि मशिदीचे छत गळते म्हणून शुक्रवारी चादर फिरवली जाते, हे दृश्य या जिल्ह्यातल्या वाचकाला समजावून सांगण्याची गरज नाही. वर्षाचा हिशेब मंडळाकडे द्यावा, असे कायदा सांगतो. तो जमातीपुढेही वाचून दाखवावा, असे ईमान सांगते.

आता तर झोपून चालणार नाही. २०२५ च्या दुरुस्ती कायद्याने बरेच काही बदलले. वक्फच्या दाव्यांना मुदतीचा कायदा लागू न करणारे कलम काढून टाकले गेले. म्हणजे अतिक्रमणाकडे वर्षानुवर्षे डोळेझाक केली तर उद्या न्यायालयाचे दारही बंद होऊ शकते. मिळकतींची माहिती ‘उम्मीद’ या केंद्रीय पोर्टलवर भरणे आले. या कायद्यातल्या अनेक तरतुदींविषयी समाजात तीव्र नाराजी आहे, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १५ सप्टेंबर २०२५ रोजी न्यायालयाने काही तरतुदींना अंतरिम स्थगितीही दिली. ती लढाई जाणकार लढतील. पण एका तरतुदीविषयी आम्हाला प्रांजळपणे बोलले पाहिजे. कुटुंबासाठीच्या वक्फामुळे स्त्री वारसांचा हक्क डावलला जाऊ नये, असे हा कायदा म्हणतो. हे कोणी बाहेरच्याने सांगण्याआधी आम्हीच आमच्या घरात म्हणायला हवे होते. कुरआनने मुलीचा वाटा नेमून दिला आहे. मिळकत घराण्यात राहावी या नावाखाली तो वाटा बुडवणे, आणि त्याला वर धर्माचे नाव देणे, हे वक्फच्या आत्म्याशी जुळणारे नाही.

तेरच्या घरातून

निराशेचा सूर इथे थांबवतो, कारण शिकवण घ्यायला आम्हाला दूर जायला नको. तेर हे आमच्याच जिल्ह्यातले गाव. प्राचीन तगर ते हेच. पहिल्या शतकातल्या ग्रीक नाविकाच्या प्रवासवर्णनात त्याचा व्यापारी नगर म्हणून उल्लेख आहे. या गावात रामलिंगप्पा लामतुरे नावाचे गृहस्थ होऊन गेले. पांढरीच्या मातीत सापडणाऱ्या मूर्ती, नाणी, मणी, मातीची भांडी त्यांनी आयुष्यभर गोळा केली. लोकांना जे खापर वाटत होते, ते त्यांना सातवाहन काळाचे पत्र वाटले. त्यांच्या संग्रहातली हस्तिदंती स्त्रीमूर्ती तर इटलीतल्या पॉम्पेईला सापडलेल्या मूर्तीशी नाते सांगते. आज तेरचे शासकीय वस्तुसंग्रहालय त्यांच्याच नावाने ओळखले जाते.

लामतुरे कोणी सुलतान नव्हते, पुरातत्त्व खात्याचे अधिकारीही नव्हते. त्यांनी काय केले? आपल्या घरात जमवले आणि अखेर सर्वांसाठी मोकळे केले. शब्द वेगळा असेल, पण मूळ राखून फळ लोकांना देणे ही जी वक्फची कल्पना, तिच्याहून हे निराळे काय आहे? मातीत मिळालेली बौद्ध, सातवाहन, रोमन काळाची खूण एका गावकऱ्याने आपली मानली. मग आदिलशाही कमान, निजामशाही तोफ, दर्ग्याचा घुमट यांना आपले मानायला आम्हाला कोणाची परवानगी हवी आहे? आणि त्याचबरोबर धाराशिवची लेणी, तेरचे त्रिविक्रम मंदिर, तुळजापूरचा कुंड यांनाही आपले म्हणायला काय हरकत आहे?

नळदुर्गचा धडा

आता पुन्हा नळदुर्गकडे वळू. किल्ला वक्फ नाही. तो राज्य संरक्षित स्मारक आहे, सर्वांचा आहे. बांधकाम व्यवसायातल्या कंपनीने त्याची निगा घेतली, त्यात व्यवसायाचा हिशेबही होता. तिकिटे, सोयीसुविधा, पर्यटकांची वर्दळ यांतून खर्च भरून निघावा, अशीच या योजनेची रचना आहे. यावर दोन मते असतात. काहींना वाटते, वारसा हा बाजारात आणण्याचा जिन्नस नाही. काहींना वाटते, शासनाकडे पैसा नाही, तेव्हा जो करतो त्याला करू द्यावे.

आम्हाला दोन्ही मते अपुरी वाटतात. उत्पन्नाशिवाय वास्तू टिकत नाही, हे जुन्या लोकांना आमच्यापेक्षा चांगले कळत होते. म्हणून तर मशिदीला शेत आणि दर्ग्याला दुकाने जोडली. उत्पन्नाची लाज वाटायचे कारण नाही. प्रश्न आहे तो उत्पन्न आधी कोणाकडे जाते याचा. जुन्या वक्फनाम्यात एक साधा नियम असे. मिळकतीच्या उत्पन्नातून सर्वांत आधी त्याच मिळकतीची डागडुजी करायची, मग बाकीचे वाटे. वाटेकऱ्याला राग आला तरी चालेल, भिंत पडता कामा नये. नळदुर्ग असो की गावची मशीद, सरकार असो, कंपनी असो की मुतवल्ली, या एका नियमाने त्याची परीक्षा करावी.

दुसरा धडा मुदतीचा. करार वर्षांनी मोजला जातो, बंधारा शतकांनी. दहा वर्षांनी हात बदलतात. त्यानंतर वास्तूची काळजी वाहणारे कोण असते? आसपासची माणसे. ज्या किल्ल्यात गावातल्या पोराला काम मिळाले, ज्याच्या इतिहासावर शाळेतल्या मुलीने निबंध लिहिला, जिथे सणासुदीला गावकऱ्याला मुक्त प्रवेश असतो, तो किल्ला मुदतीनंतरही अनाथ होत नाही. स्थानिक माणसाला बाहेर ठेवून राखलेला वारसा म्हणजे कुंपणातली बाग. माळी गेला की सुकते.

आणि तिसरा धडा आमच्यासाठी. आमच्या समाजातही आज बांधकाम, प्लॉटिंग, मंगल कार्यालये, गाळे यांत पैसा मिळवणारी कुटुंबे आहेत. अल्लाहने त्यांना बरकत द्यावी. पण प्लॉट पाडताना जुनी विहीर बुजवायची, कब्रस्तानाची कड खायची, आणि मग सदक्याच्या नावाने मशिदीला पंखे द्यायचे, हा व्यवहार काही खरा नाही. पंख्यावर नाव लागते. विहिरीवर लागत नाही, पण पाणी सगळे गाव पिते.

करण्यासारखे खूप आहे, आणि त्यातले बरेचसे स्वस्त आहे. प्रत्येक गावच्या जमातीने आपल्या हद्दीतल्या मिळकतींची यादी करावी. घरोघरचे मुंतखब बाहेर काढून उर्दू-फारसी जाणणाऱ्याकडून वाचून घ्यावेत, त्यांचा मराठी तर्जुमा करून जपावा. शिलालेखांचे ठसे आणि छायाचित्रे घ्यावीत. रंगरंगोटीच्या उत्साहात त्यांच्यावर ऑइलपेंट मारू नये. गाळ्यांची भाडी आजच्या दराने ठरवावीत आणि वर्षातून एकदा हिशेब भिंतीवर लावावा. त्या उत्पन्नातून आधी वास्तूची डागडुजी, मग मुलींच्या शिक्षणाची शिष्यवृत्ती, मग बाकी. मुतवल्लीच्या मंडळात एक तरी स्त्री असावी. ज्यांना ऐपत आहे अशा दोन-चार कुटुंबांनी मिळून एखादी बारव, एखादा जुना वेस-दरवाजा, एखादे मोडके आशूरखाने पुरातत्त्व खात्याच्या संमतीने संगोपनास घ्यावे. नळदुर्ग एका कंपनीने घेतला. एक बारव चार घरे घेऊ शकत नाहीत काय?

धाराशिव शहरात हजरत ख्वाजा शमशोद्दीन गाझी यांच्या दर्ग्याच्या उरुसाला सर्व जातिधर्मांची माणसे येतात. ती कोणाच्या सातबाऱ्यावर कोणाचे नाव आहे ते पाहून येत नाहीत. जागा राखलेली आहे, दिवा लागलेला आहे, दार उघडे आहे, म्हणून येतात. मिळकतीची खरी नोंद तिथे, त्या येणाऱ्या माणसांत होते. मीर मुहम्मद इमादीनच्या वंशात आज कोणी आहे की नाही, कोणाला ठाऊक? बोरीला पाणी आले की बंधारा त्याच्या वतीने हजेरी लावतो. आमच्या हाती आज ज्या मिळकती आहेत, त्यांच्या वतीने शंभर वर्षांनी हजेरी कोण लावणार, एवढे आम्ही ठरवायचे आहे.